आर्सेनियोचं ताट

ही गोष्ट खरी आहे. ऐकीव नाही. मी तिथे होते, आणि जे झालं ते माझ्याच हातून झालं.

भुतांच्या गोष्टी बहुतेक रात्रीच्या असतात. लाइट गेलेले असतात, कुत्री रडत असतात. इथे त्यातलं काहीच नाही. गुरुवार, २१ सप्टेंबर २००६. दुपारी बारा-सव्वाबाराची वेळ. जागा कॅलिफोर्नियातलं डेली सिटी, सॅन फ्रान्सिस्कोला खेटून असलेलं गाव.

माझा नवरा सिद्धेश म्हणतो, "लीव्ह इट यार, आसावरी. लोक तुला वेडी म्हणतील."

म्हणू देत. दोन वर्षं गप्प बसून मला काय मिळालं?

लग्न होऊन मी २००५ मध्ये क्युपर्टिनोला आले. एच-फोर व्हिसावर. म्हणजे नवऱ्याला नोकरी आणि बायकोला घर. माझं इतिहासात एम.ए. झालेलं, सांगलीत दोन वर्षं ज्युनियर कॉलेजात शिकवलेलं. इथे पगार घेऊन काम करायला बंदी. फुकट राबायला मात्र कोणाची ना नव्हती. सहा महिने मी घराच्या भिंती पाहिल्या. मग लायब्ररीतल्या नोटीस बोर्डावर एक कागद दिसला. डेली सिटीतल्या एका छोट्या फिलिपिनो म्युझियमला प्रदर्शनासाठी व्हॉलंटियर हवे होते.

फिलिपाइन्सबद्दल मला काय माहीत होतं? नकाशावरची बेटं. तरी गेले.

म्युझियम कसलं, एका बंद पडलेल्या बेकरीवरच्या तीन खोल्या. अरुंद लाकडी जिना, आणि खिडकीबाहेर जेव्हा पाहावं तेव्हा धुकं. प्रदर्शन होतं त्यांच्या चार इतिहासकारांवर. त्यांच्यावर आधी स्पॅनिश लोकांनी राज्य केलं, मग अमेरिकनांनी, आणि दोघांनीही त्यांचा इतिहास आपल्या सोयीने लिहून ठेवला. या चौघांनी तो आपल्या माणसांच्या बाजूने पुन्हा लिहिला. एकाची त्यापायी प्रोफेसरकी गेली. एक बाई खेडोपाडी फिरून बंडाची गाणी गोळा करत राहिल्या. मला आपल्याकडची, गावोगाव हिंडून जुनी दप्तरं जमवणारी माणसं आठवली. पहिल्याच दिवशी मी त्या कामाच्या प्रेमात पडले.

चौघंही वारलेले. त्यांचे चष्मे होते, एक टाइपरायटर होता, पत्रं होती. मी फोटोंखालची लेबलं तयार करायचे. वर नाव, खाली जन्माचं आणि मृत्यूचं साल.

पाचवा फोटो मात्र वेगळा होता...

सत्तावीस वर्षांचा तरुण. अंगाने बारीक, कानामागे पेन्सिल, हसू दाबून धरलेलं. नाव आर्सेनियो. त्या चौघांपैकी एका प्रोफेसरांचा विद्यार्थी. १९०० च्या सुमाराला अमेरिकन सैन्याशी झालेल्या लढाईत खेड्यांतली जी माणसं मेली, त्यांची नावं तो म्हाताऱ्याकोताऱ्यांना विचारून लिहून घ्यायचा. एका माणसाचं एक कार्ड. अशी अकराशे कार्डं बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात होती; तो डबा आमच्या मागच्या खोलीत ठेवलेला होता. १९७४ मध्ये, त्यांच्याकडे मार्शल लॉ असताना, तो एका बस स्टॉपवर उभा होता. एक जीप थांबली. त्यानंतर तो कोणालाच दिसला नाही.

प्रेत नाही. कागद नाही. काहीच नाही.

त्याच्या लेबलवर १९४७ होतं, मग एक रेघ, आणि रेघेपुढे कोरी जागा.

ती जागा कोरी ठेवायला लावली होती त्याच्या बहिणीने. त्यांचं नाव फिलोमेना. नाव ऐकून मला त्या गोव्याच्या वाटल्या होत्या. वय एकाहत्तर, जन्मभर इथल्या हॉस्पिटलांत नर्सची नोकरी केलेली, माझ्या खांद्याला लागतील एवढी उंची. सगळे त्यांना मनांग म्हणायचे. त्यांच्या भाषेत मनांग म्हणजे थोरली बहीण. मीही मनांगच म्हणायला लागले. आमचं बोलणं अर्थातच इंग्रजीत चालायचं.

म्युझियमचे अध्यक्ष रेनाटो, पोस्टातून रिटायर झालेले भले गृहस्थ. ते दर आठवड्याला मनांगना विनवायचे, की निदान एक प्रश्नचिन्ह तरी टाकू या, बघायला येणारे लोक विचारतील. मनांग म्हणायच्या, नको, तो परत आल्यावर वाचेल ना, त्याला वाईट वाटेल.

बत्तीस वर्षं झाली होती. सगळ्यांना कळत होतं. बोलत कोणी नव्हतं.

आता ताटाबद्दल सांगते...

रोज दुपारी बाराला मनांग आपला डबा उघडायच्या. भात, तळलेला मासा, कधी वांग्याची भाजी. स्वतः घास घ्यायच्या आधी त्या एका पांढऱ्या ताटात थोडं थोडं वाढायच्या. पाण्याचा ग्लास ठेवायच्या. वर जाळी झाकायच्या, आणि मागच्या खोलीत वेताच्या खुर्चीसमोर ते ताट नेऊन ठेवायच्या. तासाभराने जाऊन बघायच्या. अन्न जसंच्या तसं असायचं. मग त्यांचा चेहरा इतका निवांत व्हायचा, की बघून मलाच भरून यायचं.

मला वाटलं, नैवेद्य. आपण नाही का पितरांचं पान वाढत?

मी विचारलं नाही. वर्गात पोरांना पुरावा तपासा, पुरावा तपासा म्हणून कानीकपाळी ओरडणारी मी. आणि समोर बसलेल्या बाईला "मनांग, हे ताट कशाला?" एवढं विचारलं नाही. मला वाटलं, मला कळलंय.

तिथेच चुकलं.

सर्वपित्रीच्या आदल्या दिवशी पुण्याहून सासूबाईंचा फोन आला. सासरे जाऊन तीन वर्षं झाली होती. भारतातल्या कॅलेंडरात अमावास्या शुक्रवारी होती, इथल्या मंदिराच्या पंचांगात गुरुवारी. सासूबाई म्हणाल्या, गुरुवारी तर गुरुवारी, पण पान वाढ. आणि ज्यांचं कोणी नाही त्यांच्याही नावाने एक घास काढून ठेव, हा दिवस त्यांचाच असतो.

ज्यांचं कोणी नाही...

माझ्या डोळ्यांसमोर पाचवा फोटो आला.

आमच्या घरात एक चुलत आजोबा होते. मिरजेला जाऊन येतो म्हणून निघाले ते परत आलेच नाहीत. घरच्यांनी बारा वर्षं वाट पाहिली. मग दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी दिला आणि बाकीची सगळी क्रिया केली. आई सांगते, त्या रात्री घरातली माणसं पहिल्यांदा नीट झोपली.

आपल्याकडे बारा वर्षांचा नियम. मनांगची तर बत्तीस झाली होती. मला वाटलं, यांच्याकडे असलं काही नसेल, त्या बिचाऱ्याच्या नावाने कोणी पाणी सोडलं नसेल. आपण सोडू. कोणाला सांगायचं नाही. त्याचं त्यालाही बरं वाटेल आणि मनांगच्या जिवालाही शांतता मिळेल.

माझा आगाऊपणा, दुसरं काय.

गुरुवारी म्युझियम बंदच होतं. शनिवारी उद्घाटन, त्यामुळे आमची मांडामांड चाललेली. मी घरून वरण-भात, वडे आणि खीर घेऊन गेले होते. कागदाच्या पुडीत काळे तीळ. सकाळभर काम केलं. पावणेबाराला रेनाटो मनांगना घेऊन छापखान्यात मोठा बोर्ड आणायला निघाले. जाण्याआधी मनांगनी ताट वाढून मागच्या खोलीत ठेवलं. तासाभरात येतो, ताटाला हात लावू नकोस, असं मला बजावलं.

त्यांच्यामागे मी खाली जाऊन दाराला आतून कडी घातली.

कडी घातली होती. हे मी शपथेवर सांगू शकते.

वर आल्यावर मी एक कागदी पान वाढून खिडकीबाहेरच्या लोखंडी जिन्यावर ठेवलं, कावळ्यासाठी. मग फोटोंसमोर बसले. बायका तर्पण करत नाहीत म्हणतात. तिथे मला कोण अडवणार होतं? हातावर तीळ घेतले, अंगठ्यावरून पाणी सोडत चौघांची नावं घेतली. गोत्र माहीत नसलं की काश्यप म्हणतात, म्हणून चार फिलिपिनो इतिहासकार काश्यप गोत्राचे झाले. मला चक्क हसू आलं.

मग पाचवं नाव घेतलं.

"काश्यप गोत्राचे आर्सेनियो... जिथे असाल तिथून या. जेवा. तृप्त व्हा."

आणि पाणी सोडलं.

बस. एवढंच केलं मी.

आधी फ्रिजची घरघर थांबली.

मग रस्ता थांबला... म्हणजे आवाज. खाली दिवसभर गाड्या चालू असतात. एकही ऐकू येईना. मला वाटलं कानात दडा बसला, म्हणून मी दोनदा आवंढा गिळला. काही फरक नाही. माझा स्वतःचा श्वास मात्र स्पष्ट ऐकू येत होता.

आणि मग जिन्यावर...

थप्.

बराच वेळ काही नाही.

थप्.

अनवाणी पाऊल. ओलं.

मी हाक मारली, "रेनाटो?"

 तेव्हा मला खालची कडी आठवली.

थप्... थप्... पावलं वर आली. मी बसले होते त्या खोलीचं दार उघडं होतं. समोरचा पॅसेज मला पूर्ण दिसत होता. पावलं माझ्या डोळ्यांसमोरून डावीकडून उजवीकडे गेली.

माणूस नव्हता. नुसता पावलांचा आवाज.

त्यांच्यामागून वास आला. कुजका नव्हे. नुकत्याच खणलेल्या मातीचा. आपल्याकडे झाड लावायला खड्डा घेतल्यावर येतो तसा.

मागच्या खोलीत वेताची खुर्ची करकरली...

 पळून जावं तर जिना त्याच पॅसेजच्या टोकाला. ओरडावं तर ऐकणार कोण? आमच्या दोन खोल्यांमध्ये प्लायवुडची पातळ भिंत होती, आणि तिच्यापलीकडून आवाज यायला लागला.

कोणीतरी जेवत होतं.

बोटांनी भात गोळा केल्याचा आवाज. भराभर चावल्याचा. मध्येच नाकाने घेतलेला श्वास. पाणी घटाघट. फार फार दिवसांचा उपाशी माणूस जेवतो तसं.

मी रडत होते. भीतीने तर होतंच, पण नुसतं भीतीने नाही. तो किती भुकेला होता.

मग थांबलं. पत्र्याच्या डब्याचं झाकण निघालं. फर्रर्र... कोणीतरी नखाने कार्डं चाळत होतं. थांबायचं, पुन्हा चाळायचं. फर्रर्र... एखादं नाव शोधावं तसं.

आणि एकदम फ्रिज सुरू झाला. खाली कोणीतरी हॉर्न वाजवला.

किती वेळाने उठले ते आठवत नाही. भिंत धरत मागच्या खोलीत गेले. ताटावर जाळी जशीच्या तशी होती. जाळीच्या आत ताट रिकामं. शितसुद्धा नाही. माशाचे काटे तेवढे ताटाच्या डाव्या कडेला ओळीने लावलेले, लहान काट्यापासून मोठ्या काट्यापर्यंत. ग्लास रिकामा. खुर्चीचा वेत ओला होता. जमीन मात्र कोरडी ठणठणीत.

खिडकीबाहेर कावळ्याचं पान तसंच होतं. वड्याला चोचसुद्धा लागलेली नव्हती.

मी जिन्यावरून अक्षरशः कोसळत खाली गेले. कडी आतून लागलेलीच होती.

त्याच क्षणी दारावर थाप पडली. मनांग आणि रेनाटो बोर्ड घेऊन आले होते. माझा जीव भांड्यात पडला. किती मूर्ख मी. त्या वेळी तरी धावत वर जाऊन ते ताट धुवायला हवं होतं, माझा वरण-भात त्यात लोटायला हवा होता, काहीही करायला हवं होतं. मला सुचलं नाही. मनांग नेहमीसारख्या थेट मागच्या खोलीत गेल्या, ताट बघायला.

मी त्यांच्या किंकाळीची वाट पाहत पॅसेजमध्ये उभी राहिले.

किंकाळी आली नाही...

शेवटी मीच आत गेले. मनांग खुर्चीसमोर जमिनीवर बसल्या होत्या. ताट मांडीवर होतं.

त्या अगदी हळू बोलत होत्या. म्हणाल्या, मेलेल्यांना जे अन्न ठेवतात त्याला आमच्याकडे आतांग म्हणतात. ते मी त्याच्यासाठी कधीच ठेवलं नाही. हे ताट वेगळं. त्यांच्या आईची ही रीत. महायुद्धात वडील बेपत्ता होते तेव्हा ते परत येईपर्यंत आई रोज असं ताट ठेवायची. मेलेला माणूस भुकेला असतो, तो कुठूनही येतो आणि जेवून जातो. जिवंत माणसाला असं येता येत नाही.

"ताट तसंच राहिलं की समजायचं, आपला माणूस अजून आहे," मनांग म्हणाल्या.

बत्तीस वर्षं. रोज दुपारी त्या जाळीखालचं अन्न बघायच्या आणि त्यांना आणखी एक दिवस मिळायचा. त्या निवांत चेहऱ्याचा अर्थ मला तेव्हा कळला.

मी खोटं बोलले. म्हटलं, मनांग, मीच खाल्लं, फार भूक लागली होती.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तू अंडंसुद्धा खात नाहीस." मग एक बोट त्या काट्यांच्या ओळीवर ठेवलं. "आणि हे असं लावायची सवय त्याची होती. आई रागवायची."

मग मी सगळं सांगितलं. तीळ, पाणी, बारा वर्षांचा नियम, आमचे चुलत आजोबा. रेनाटो बोर्ड हातात धरून दारातच उभे होते. मनांगनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. आणि मग एकच प्रश्न विचारला.

"तो मेलाय, हे तुला कोणी सांगितलं?"



दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, मनांग आल्या. डबा आणला नव्हता. कोट न काढता माझ्या टेबलापाशी आल्या आणि म्हणाल्या, त्याचं लेबल पूर्ण कर.

मी विचारलं, १९७४ लिहू?

त्यांनी नकारार्थी मान हलवली. "२००६."

रेनाटो कळवळून म्हणाले, मनांग, तो चौऱ्याहत्तरमध्येच गेला असणार, लोक काय म्हणतील. मनांगचा आवाज जराही चढला नाही. "बुधवारपर्यंत तो होता. मी स्वतः पाहिलंय. इतिहासाचं काम आहे हे, खोटं साल लिहायचं नाही."

ते लेबल मी माझ्या हाताने छापलं आणि माझ्या हाताने चिकटवलं. १९४७, रेघ, २००६.

शनिवारी उद्घाटनाला खूप माणसं आली. चौघांवर भाषणं झाली, कोणीतरी जुनी गाणी म्हटली. पाचव्या फोटोपाशी मात्र जो तो थबकायचा. मनांग शेजारीच उभ्या होत्या. कोणी विचारलं की सांगायच्या, माझा भाऊ परवा वारला. लोक त्यांचा हात हातात घ्यायचे. मी खाण्याच्या टेबलामागे समोसे मांडत होते. मला मान वर करवत नव्हती.

त्यानंतर मनांग म्युझियममध्ये आल्या नाहीत. मी फोन करायचे, त्या उचलायच्या, माझा आवाज ऐकायच्या आणि ठेवून द्यायच्या. नोव्हेंबरात रेनाटोंबरोबर मी त्यांच्या घरी गेले. निम्म्या राहिल्या होत्या. त्यांनी मला चहा करून दिला. मी निघताना म्हणाल्या, "तू त्याला बोलावलंस ना? मग त्याला कुठे पुरलंय, एवढं तरी विचारायचं होतंस."

रागाने म्हणाल्या असत्या तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी मी घरी पुन्हा तीळ घेतले, पाणी सोडलं. आयुष्यात पहिल्यांदा मासा तळला, नाक दाबून. ताट ठेवलं. नाव घेतलं. हात जोडून सांगितलं, जेवू नका हवं तर, पण कुठे आहात तेवढं सांगा. संध्याकाळ झाली. फ्रिजची घरघर चालूच राहिली. कोणी आलं नाही. तो मासा मी कचऱ्यात टाकला आणि सिद्धेशला वास येऊ नये म्हणून सगळ्या खिडक्या उघडल्या.

जानेवारी २००७ मध्ये मनांग गेल्या. झोपेत, असं रेनाटो म्हणाले. पण त्यांनी जेवण सोडलं होतं हे मला त्यांच्या शेजारणीने सांगितलं. डेली सिटीला लागूनच कोल्मा नावाचं गाव आहे, तिथे नुसत्या दफनभूमी आहेत, जिवंत माणसं थोडी आणि मेलेली लाखांनी. तिथे त्यांना पुरलं. आम्ही पाच-सहाजण होतो. मी फुलं ठेवली आणि मनात माफी मागितली. पाणी मात्र सोडलं नाही. माझी हिंमत झाली नाही.

पुढच्या वर्षी सिद्धेशला ॲरिझोनात, चँडलरला नोकरी मिळाली. इकडे कडक ऊन, धुक्याचं नाव नाही. इथे आल्यावर मी हळूहळू स्वतःची समजूत घातली. खिडकी उघडी असेल, रॅकून शिरला असेल, मला भास झाला असेल. काट्यांचं काय, ते कसेही पडू शकतात. रोज थोडं थोडं असं म्हटलं की पटायला लागतं.

आणि मग गेल्या महिन्यात रेनाटोंचा फोन आला...

इकडचं तिकडचं बोलले. प्रदर्शन आता कायमचंच ठेवलंय म्हणाले.  

मग म्हणाले, मंगळवारी दुपारी एक माणूस आला होता. साठीचा असेल, बारीक अंगाचा. नाव सांगितलं नाही, वहीत सही केली नाही. चौघांच्या फोटोंसमोर टोपी काढून उभा राहिला, एकेक पत्र नीट वाचलं. मग पाचव्या फोटोपाशी गेला. तिथे अर्धा तास हललाच नाही. शेवटी त्याने विचारलं, फिलोमेना कुठे असते?

रेनाटोंनी सांगितलं, ती गेली, गेल्या वर्षी जानेवारीत.

त्या माणसाने भिंतीला हात टेकला.  मग त्याने लेबलकडे बोट दाखवलं.

"दुसरं साल चुकलंय," तो म्हणाला.

रेनाटोंनी पेन काढलं, विचारलं, बरोबर कुठलं? माणूस त्या पेनाकडे बघत राहिला.   मग साल न सांगताच वळला आणि जिना उतरून गेला. रेनाटो खिडकीपाशी धावले. खालच्या दारातून कोणीच बाहेर पडलं नाही. अर्थात धुकं फार होतं, ते म्हणाले, माझं लक्ष चुकलं असेल.

मी विचारलं, त्याच्या पायात काही होतं का? रेनाटो म्हणाले, पायांकडे मी पाहिलंच नाही.

त्या रात्रीपासून मला झोप नाही. तो मेलेला होता, तर साल चुकलेलंच आहे. तो जिवंत होता, तरीही चुकलेलंच आहे. जिवंत असेल तर त्या दुपारी ताटावर कोण जेवून गेलं मला माहीत नाही. पण चौतीस वर्षांनी भाऊ बहिणीला शोधत आला, आणि ती दीड वर्षापूर्वीच, तो मेला असं समजून गेलेली. ते तिला पटवलं मी. दुसऱ्या कोणी नाही.

सिद्धेशला सांगितलं. तो म्हणाला, "कोणीतरी रँडम म्हातारा असेल गं. सोड ना आता."

रेनाटो विचारतायत, नवीन लेबल कधी पाठवतेस. फाइल माझ्याकडेच आहे. सिद्धेश ऑफिसला गेला की मी ती उघडते. २००६ खोडून टाकलंय. त्याच्या जागी १९७४ टाइप करते, आणि हात थांबतो. तो माणूस आज कुठेतरी रस्त्यावरून चालत असेल, तर मी त्याला दुसऱ्यांदा मारेन.